ससा घरात ठेवावा की अंगणात?



मागच्या महिन्यात आमच्या शाळेत पालक सभा झाली. सभा संपली, चहा झाला, सगळे उठले आणि दुसरीतल्या एका मुलीचे वडील दाराशी घुटमळत राहिले. म्हणाले, "बाई, पोरगी सशासाठी लई हट्ट करायलीय. तुमच्याकडं ससा हाय म्हणून इचारतो. घरात ठेवावा का भाईर?"

मी हातातले सह्यांचे कागद आवरत होते. पटकन बोलून गेले, "अंगण आहे ना तुम्हाला? मग अंगणातच ठेवा." ते बरं म्हणून गेले. मी मात्र घरी येईपर्यंत अस्वस्थ होते. कारण हेच उत्तर सव्वादोन वर्षांपूर्वी मी स्वतःला दिलं होतं, आणि ते चुकलं होतं. त्या पालकांना मी नंतर फोन केला, पण फोनवर सगळं सांगता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरात किंवा शाळेत ससा आणायचा विचार असेल तर उपयोगी पडेल.

आमची शाळा सोलापूर जिल्ह्यातली, पहिली ते चौथी, दोन शिक्षकी. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिसरीला परिसर अभ्यासात प्राण्यांविषयी शिकवताना माझ्या मनात आलं, चित्रं किती दिवस दाखवायची? डी.एड.ला असताना आम्ही कापसाचा ससा पुठ्ठ्यावर चिकटवून 'शैक्षणिक साहित्य' म्हणून गुण मिळवले होते. यावेळी खराच आणू. आठवडी बाजारात कोंबडीच्या रंगवलेल्या पिल्लांशेजारी एकजण करंडीत ससे घेऊन बसायचा. त्याच्याकडून दोन घेतले, एक पांढरा आणि एक तपकिरी. मुलांनी अर्ध्या मिनिटात नावं ठेवली, साखर आणि गूळ. दोन्ही माद्या. त्यामुळे 'तो गूळ' की 'ती गूळ' यावर वर्गात बरंच भांडण झालं आणि लिंग हा घटक त्या आठवड्यात आपोआप शिकवून झाला. शेवटी सगळ्यांच्या तोंडात 'तो गूळ'च बसलं.

गावात कोंबड्या पाळणारे एक काका आहेत. त्यांनी जुन्या बाकाच्या लाकडाचा आणि जाळीचा पिंजरा करून दिला. वर पत्रा, खाली पण जाळी, म्हणजे लेंड्या खाली पडतात आणि झाडलोट सोपी. पिंजरा ठेवला वर्गखोलीच्या मागे, उत्तरेच्या भिंतीला लागून. तिथे दिवसभर सावली असायची. मी दोन दिवस लक्ष ठेवून खात्री करून घेतली होती. हे 'दोन दिवस' लक्षात ठेवा, पुढे त्यावर येते.

पहिले चार महिने फार छान गेले. मुलं रोज हरळी, कोथिंबिरीच्या काड्या, मेथीचे देठ आणायची. दर शनिवारी किराणा दुकानातल्या काट्यावर सशांचं वजन, मग त्याचा तक्ता. 'ससा वही' नावाची एक वही केली होती. ज्याची पाळी असेल त्याने त्या दिवशी काय पाहिलं ते दोन-तीन ओळीत लिहायचं. एके सकाळी एक मुलगी ओरडतच आली, "बाई, शीऽऽ, साखर स्वतःची लेंडी खातीय!" मला पण तेव्हा माहीत नव्हतं. शोधून पाहिलं तर कळलं, सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या असतात. एक कोरडी, गोल, ती टाकायची. दुसरी मऊ, द्राक्षाच्या घडासारखी चिकटलेली, ती तो थेट तोंडात घेतो, कारण एकदा पोटातून जाऊन गवतातलं सगळं सत्त्व निघत नाही. गाय रवंथ करते, ससा असं करतो. दुसऱ्या दिवशी त्याच मुलीने पूर्ण वर्गाला हे समजावून सांगितलं, आणि कुणी शी म्हटलं नाही.

तळाच्या जाळीची चूक आधी कळली. जानेवारीत साखर पाय उचलून बसायला लागली. पाहिलं तर मागच्या टाचा सोलल्या होत्या, केस गेले होते. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तारेवर उभा राहून जखमा होतात. अर्ध्या भागात फळी टाका, वर वाळलेलं गवत घाला. फळी टाकली, टाचा भरल्या. झाडलोट वाढली, ती मुलांनी वाटून घेतली.

त्या मुलांत एकजण होता. नाव लिहीत नाही. तिसरीत होता पण वर्गात तोंड उघडायचा नाही. वडील ऊसतोडीला बाहेर, हा आजीपाशी. तो सशांशी मात्र बोलायचा. मी खिडकीतून ऐकायचे. 'आज आमटीत भात' इथपासून सगळं सांगायचा त्यांना. फेब्रुवारीत त्याने पहिल्यांदा वर्गात उभं राहून वही वाचली. आपण शिक्षक लोक ज्या क्षणाची वाट बघतो, तसा तो होता.

मग मार्च सरला, सकाळची शाळा सुरू झाली. साडेअकराला शाळा सुटायची, मुलं पाणी भरून, गवत टाकून घरी जायची, मी पण बस पकडायचे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी पावणेसातला शाळेत पोचले तर साखर फळीवर आडवी पडलेली. अंग कडक झालेलं. गूळ कोपऱ्यात मुलांनी खेळायला ठेवलेल्या फुटक्या मडक्याला चिकटून बसला होता. जिवंत होता.

आता मी काय केलं ते खरं सांगते. मुलं यायच्या आत मी आणि पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी साखरला शाळेच्या मागे डाळिंबाच्या झाडाजवळ पुरलं. मुलं आली, आणि मी सांगितलं, "साखर एका पाहुण्यांच्या शेतात राहायला गेली. तिथे खूप गवत आहे." लहान मुलं आहेत, परीक्षा तोंडावर आहेत, कशाला रडवायचं, असा माझा विचार. बहुतेकांनी मान्य केलं. दोघी-तिघी तर खूश झाल्या.

दोन दिवसांनी ससा वही तपासायला घेतली. त्या मुलाच्या अक्षरात, पाळी नसताना, एक ओळ लिहिलेली होती: 'त्या दिवशी पाणी मी भरले होते. भांडे पूर्ण भरले नव्हते.'

मी डाळिंबाकडे गेले. ओल्या मातीवर हरळीची जुडी ठेवलेली होती. त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नवी माती त्याने पाहिली होती. आणि मी खोटं बोलले म्हणून त्याने आपल्या मनाने कारण शोधलं होतं, ते म्हणजे तो स्वतः.

त्या दिवशी मी घरी गेले नाही. विज्ञान पेटीतली तापमापी घेऊन दुपारी दोनपर्यंत शाळेत थांबले. पिंजऱ्यात पत्र्याखाली पारा ४७ वर गेला. वर्गाच्या आत ३७ होता. आणि भिंतीची सावली? ती नव्हतीच. पिंजऱ्यावर सरळ ऊन होतं.

मला अजून याची लाज वाटते, कारण सावली हा घटक मी दरवर्षी शिकवते. मैदानात काठी रोवून, खडूने खुणा करून. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उत्तरेच्या भिंतीमागे दिवसभर सावली. आमच्या भागात डिसेंबरात दहा फुटी भिंतीची सावली भर दुपारी साडेआठ फूट तरी पडते. एप्रिलच्या अखेरीस तीच सावली जेमतेम वीतभर उरते, आणि दुपार कलली की सूर्य उलट उत्तरेच्या बाजूने येऊन भिंत तापवतो. मे महिन्यात तर एक दिवस शून्य सावलीचा असतो. मी नोव्हेंबरात दोन दिवस सावली बघितली आणि वर्षभराचा निर्णय घेतला. मुलांना खडूच्या खुणा करायला लावणारी मी, स्वतः एक खूण केली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांना सगळं सांगितलं. साखर मेली हे सांगितलं, मी खोटं बोलले हे सांगितलं. पाण्याचं भांडं अर्धं भरलेलं होतं, मी सकाळी पाहिलं तेव्हाही त्यात पाणी होतं, म्हणजे ती तहानेने गेली नाही, उन्हाने गेली, आणि पिंजऱ्याची जागा मी निवडली होती, हे पण सांगितलं. मग सगळ्यांना मागे नेऊन तापमापी दाखवली. रडारड झाली. एका मुलाने विचारलं, "मग पाहुणे कोण होते बाई?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो मुलगा काही बोलला नाही. पण शाळा सुटताना वही मागून घेतली आणि आपली ती ओळ खोडली. खोडरबर नव्हतं, पेनाने गिरवून गिरवून खोडली.

उन्हाचं एवढं का, ते सांगते. सशाला घाम येत नाही. कुत्र्यासारखं धापा टाकूनही त्याला नीट गार होता येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला मुख्यतः त्याचे कान, म्हणूनच ते एवढे मोठे आणि रक्तवाहिन्यांनी भरलेले. पाळीव ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. १५ ते २५ अंशांत तो मजेत असतो, ३० च्या पुढे त्याला त्रास सुरू होतो. आपल्याकडे ४२ असतं. कान लालसर आणि गरम लागले, श्वास भराभर चालू असेल, तोंडाजवळ ओलं झालं असेल, ससा पसरून पडला असेल, तर लगेच सावलीत न्या, कान साध्या गार पाण्याने ओले करा आणि डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही, धक्क्याने जाईल.

"पण बाई, रानातले ससे राहतातच की उन्हात," असं तुम्ही म्हणाल. आमच्या गावात पण म्हणाले. तो ससा वेगळा. आपल्या ज्वारीच्या रानात दिसतो तो रानससा बीळ करत नाही, गवतात नुसती जागा करून बसतो, आणि त्याची पिल्लं डोळे उघडे, अंगावर केस असलेली जन्मतात. पाळीव सशाची पिल्लं उघडी आणि आंधळी असतात. दोघांत जात वेगळी, सवयी वेगळ्या. ज्वारीच्या काढणीत पहिलीतल्या एकाने रानसशाचं पिल्लू दप्तरात घालून आणलं होतं, 'साखरेला बहीण' म्हणून. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे आईने टाकलं असं नाही, ती दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा पकडणं, पाळणं गुन्हा आहे. आम्ही पाचजण जाऊन ते जिथलं तिथे ठेवून आलो.

आता घराचं. त्या एप्रिलात गूळ माझ्या घरी आला. तालुक्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्या, स्लॅबचं घर. वाटलं, सुटला बिचारा. पण घरात ससा ठेवणं म्हणजे काय ते पुढच्या पंधरा दिवसांत कळलं. पहिल्या रात्री मोबाईलचा चार्जर गेला, तिसऱ्या दिवशी ह्यांचा इस्त्रीचा वायर, नशीब बटण बंद होतं. सशाचे दात जन्मभर वाढतात, त्याला कुरतडावंच लागतं. त्याला कुरतडायला गवत मिळालं नाही तर तो वायर बघतो. फरशीवर त्याचे पाय घसरायचे, तो भिंतीला धरून चालायचा. मग पोत्यांची पायवाट केली, सोफ्याच्या मागे, कपाटाच्या बाजूने. आमच्या आत्यांनी (सासूबाईंनी) आधी नाराजी दाखवली. संकष्टीला गणपतीपुढच्या एकवीस दूर्वा त्याने खाऊन टाकल्या तेव्हा तर फार रागावल्या. मग हळूहळू त्यांनीच त्याच्यासाठी वेगळ्या दूर्वा आणायला सुरुवात केली.

लघवी तो एकाच कोपऱ्यात करतो हे त्यांच्याच लक्षात आलं. तिथे जुनं टब, त्यात वर्तमानपत्र आणि वाळलं गवत ठेवलं, प्रश्न सुटला. रोज बदलायला लागतं, नाहीतर वास येतो.

घरातला मोठा धोका म्हणजे माणसं. येणारा-जाणारा त्याला काहीतरी खायला घालतो. माझ्या मुलाने बिस्किटं दिली, शेजारच्यांनी भात. एका संध्याकाळी गूळ खाईना, लेंड्या पण बंद. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलात. सशाला उलटी करता येत नाही आणि त्याचं पोट सतत चालू राहावं लागतं, दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर जिवावर येतं. त्याचं मुख्य जेवण गवत, वाळलेलं आणि हिरवं, आणि थोडी पालेभाजी. गाजर गोड असतं, ते आपण पेढा खातो तसं कधीतरी एक चकती. चित्रातल्या सशाच्या हातात गाजर असतं, त्याला आपण काय करणार. कण्हेर आणि घाणेरी मात्र आसपास नको, दोन्ही विषारी.

आणि एकटेपणा. आम्ही दोघं नोकरीवर, मुलगा शाळेत, आत्या दुपारी झोपलेल्या. ससा कळपातला प्राणी. साखर गेल्यावर गूळ तासन्‌तास एका जागी बसायचा. मी समजत होते शांत आहे. तो शांत नव्हता, हे मला कधी कळलं, तर पुढच्या उन्हाळ्यात.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये तो मुलगा, तेव्हा चौथीत, माझ्याजवळ आला. म्हणाला, "बाई, सुट्टीत गूळ आमच्याकडं ठिवू का? आमचं माळवद हाय." मी एकदम हो म्हणू शकले नाही. एकदा एक ससा गेलेला, पुन्हा काही झालं तर हा मुलगा ते कुठे ठेवील? दोन दिवस विचार केला. मग तापमापी घेऊन त्याच्या घरी गेले. आमच्या भागातलं जुनं माळवदाचं घर तुम्ही पाहिलं असेल, रुंद भिंती, वर लाकूड आणि मातीचा जाड थर. दुपारी अडीच वाजता बाहेर ४१, आतल्या खोलीत ३१. जमीन शेणाने सारवलेली, पाय घसरायचा प्रश्नच नाही. माझ्या स्लॅबच्या घरात त्याच वेळी ३६ होतं. आजी म्हणाल्या, "शेळीची पिल्लं आतच बांधते मी. ह्यो बी राहील." शेळीची दोन करडं आणि गूळ, एकाच खोलीत. संध्याकाळी ऊन उतरल्यावर अंगणात तास-दीड तास, आजी पायरीवर काठी घेऊन बसलेल्या, कारण तिथे मुंगूस येतं आणि गल्लीत कुत्री आहेत. आठ दिवसांनी बघायला गेले तर गूळ पळता पळता हवेत उडी मारून अंगाला झटका देत होता. असं तो साखर होती तेव्हा करायचा. माझ्या घरात वर्षभरात एकदाही केलं नव्हतं.

म्हणून मला आता 'घरात की बाहेर' हा प्रश्नच अर्धवट वाटतो. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची घरं पत्र्याची आहेत. त्या घरात दुपारी माणूस बसत नाही, दारातल्या लिंबाखाली बसतो. तिथे ससा 'घरात' ठेवला तर साखरेसारखाच जाईल. उलट शहरात तिसऱ्या मजल्यावर बाल्कनीत पिंजरा ठेवून 'मोकळी हवा' म्हणतात, ती बाल्कनी पश्चिमेला असेल तर तो माझाच पिंजरा झाला. पावसाळ्यात आणखी वेगळं, ओल आली की अंगाला घाण चिकटते, माश्या बसतात, अळ्या पडतात, तेव्हा बाहेरच्या सशाचं बूड रोज बघावं लागतं. आणि रात्री बाहेर नकोच, असं माझं मत झालंय. जाळी कितीही पक्की असू द्या, मांजर नुसतं भोवती फिरलं तरी भीतीने ससा मरू शकतो.

शाळेत कायमचा ससा ठेवायचा की नाही, यावर आमच्या केंद्रातल्या शिक्षकांत दोन मतं आहेत. मी ठेवत नाही. मोठी सुट्टी, रविवार, निवडणुकीची कामं, त्या काळात त्याचं कोण? गूळ शनिवारी सकाळच्या शाळेला माझ्यासोबत टोपलीतून येतो, वजन होतं, वहीत लिहिलं जातं, अकराच्या आत परत. त्याच्यासोबत आता एक करडी मादी आहे, एका मैत्रिणीकडून आणलेली. दोघींना आधी महिनाभर जाळीच्या दोन बाजूंना ठेवलं होतं. तो मुलगा पाचवीला शेजारच्या गावच्या हायस्कूलला जातो. यंदा दोन्ही ससे त्याच्याकडे जायचे आहेत, त्याने आतापासूनच गवत वाळवायला घेतलंय.

त्या पालकांना फोनवर मी एवढंच विचारलं की दुपारी दोन वाजता तुमच्याकडे सगळ्यात गार जागा कुठली, आणि तेव्हा घरी कोण असतं. म्हणाले, बघून सांगतो. गेल्या रविवारी त्यांनी फोटो पाठवला. अंगणात काठी रोवलेली, तिच्या सावलीच्या टोकाला चुन्याची खूण, शेजारी पोरगी पट्टी घेऊन उकिडवी बसलेली. खाली लिहिलं होतं, 'आता दर रविवारी करतो, मे पर्यंत. तवर ससा आणत नाही.'